मागच्या दाराची रुखवतं

प्रदर्शनाच्या पुस्तिकेत माझ्या कामाची माध्यमं छापतात: माती, कागद, कापड, ब्राँझ, छायाचित्र, आवाज, फिल्म. वाचता वाचता मलाच धाप लागते. मग कुणीतरी तरुण समीक्षक गंभीर चेहरा करून विचारतो, "इतक्या माध्यमांकडे तुम्ही नेमक्या कुठं वळलात?" त्याला पॅरिस ऐकायचं असतं, गेलाबाजार बडोदा. मी सांगते, "उमरग्याला, आमच्या घराच्या मागच्या दारी." तो हसतो आणि मी किती नम्र आहे असं लिहून टाकतो. मी नम्र नाही. माझ्या ओळखीतल्या कुणीही आजवर माझ्यावर हा आळ घेतलेला नाही.

मला साडी नीट नेसता येत नव्हती तेव्हापासून मी पाच-सहा माध्यमांत एकदम काम करत होते. तेव्हा त्याला रुखवत म्हणत, एवढंच.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. लग्नाच्या मांडवात एका बाजूला बाकं लावायची, वर धुतलेली चादर अंथरायची आणि नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू तिच्यावर मांडायच्या. मण्यांचे पोपट, बाटलीला लोकर गुंडाळून केलेलं कुत्रं, खोबऱ्याच्या कोरलेल्या कुयऱ्या, सुपाऱ्यांच्या बाहुल्या, लाडवांचे मनोरे. मग मुलाकडच्या बायका येणार, वाकून वाकून बघणार, एखादा पोपट उलटा करून मागचे टाके तपासणार, आणि सून कशी निघेल याचा निकाल तिथंच लागणार. यातले 'स्वतःच्या हातानं' हे शब्द अर्ध्याहून अधिक वेळा खोटे असत. तपासणाऱ्या बायकाही कधीकाळी नवऱ्या मुलीच होत्या, त्यामुळे त्यांनाही हे माहीत असे. पण प्रत्येकीला वाटे, आपल्या घरी आलेली तेवढी खरी.

आमचं घर हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत होतं. निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती. आमचा जिल्हा आधी मुंबईकडे गेला, मग महाराष्ट्रात आला, तरी आमच्या गावाची मान अजून हैदराबादकडेच वळलेली होती. अप्पांचं म्हणजे माझ्या वडिलांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. आम्ही लिंगायत. घरात भांडणं मराठीत होत आणि लाड कन्नडमध्ये, कधी कधी उलट. दुकान पुढच्या दाराला, घर मागं, आणि मागचं दार बायकांचं. मागच्या दारानं काय येतं नि काय जातं याची पुढच्या दाराला गंधवार्ता नसे. माझी सगळी कारकीर्द या एका सोयीवर उभी राहिली.

सुरुवात झाली चुलत बहिणीच्या लग्नात. तिनं सुई हातात घेतली की घरातली पोरं लांब सरकत. लग्न तोंडावर आलं तेव्हा रुखवतात मांडायला तिच्याकडे एक वाकडा रुमाल होता, तोही शाळेत बाईंनी पुरा करून दिलेला. काकू पदर डोळ्याला लावून बसली. मला ते बघवेना म्हणा किंवा माझे हात शिवशिवत होते म्हणा, मी दुकानातून मूठमूठ मसूर, मूग, उडीद आणले आणि पुठ्ठ्यावर एक मोर केला. मग हात थांबेनात. पापडाची छत्री केली, लसणीच्या पाकळ्यांची बदकं केली, तांदळाची माळ ओवली. मांडवात मुलाकडच्या बायकांनी तोंडात बोटं घातली. बहिणीनं मान खाली घालून कौतुक पदरात घेतलं. मी खांबाआड उभी होते. मला राग यायला हवा होता खरं तर. पण मला इतकी मजा आली की काय सांगू! एवढा मोठा मांडव एका लबाडीपुढे माना डोलावतोय आणि ती लबाडी माझी आहे, हे सुख पुढे मोठ्या बक्षिसांनीही मला दिलं नाही.

त्यानंतर मागच्या दारी बायका येऊ लागल्या. कुणी विरजण मागायला, कुणी चाळण परत द्यायला. अव्वाशी म्हणजे आईशी घटकाभर इकडचं तिकडचं बोलायच्या, मग आवाज खाली आणून म्हणायच्या, "आमच्या पोरीचं जमलंय बघा. तुमच्या पोरीला जरा पाठवा की." बदल्यात एखादा खण, एखादा नारळ मिळे. बाकी सगळा व्यवहार मौनाचा. कुणी कुणाकडे बोलायचं नाही, आणि खरंच कुणी बोललं नाही. आमच्या गावात कुणाच्या घरी आमटीला फोडणी कमी पडली तरी दिवेलागणीपर्यंत सगळ्यांना कळे. पण माझी रुखवतं काही वर्षं झाकून राहिली. ज्या गोष्टीत सगळ्याच सामील असतात ती फोडणार कोण?

सामान मी जमेल तिथून उचलत असे. शेजारी एक खाला राहत होती, शिवणकाम करणारी. मोहरमच्या ताबुतांची कागदी फुलं आणि पन्नीचं काम तिच्याच घरी होई. कात्री कशी फिरवायची, जरीचा गोटा कसा लावायचा, हे मी तिच्याकडे शिकले. माझी बोटं बघून ती म्हणायची, "तेरे हातां में जिन है गे पोट्टी," आणि चिंध्यांचं गाठोडं माझ्याकडे ढकलायची. हमरस्त्यावर ट्रक रंगवणारे पेंटर डब्याच्या तळाशी उरलेला रंग टाकून देत, तो मी मागून आणे. डाळी घरच्याच. दुकानातली मसूर अधूनमधून कमी भरते हे अप्पांच्या लक्षात आलं होतं. ते उंदरांना कन्नडमध्ये शिव्या घालत.

वस्तू करण्यापेक्षा अवघड काम असे नवरीला तयार करण्याचं. सासरच्या बायका विचारणारच: हे कशानं चिकटवलं, हे वळवलं कसं, हा रंग कुठला. मी नवरीला समोर बसवून तोंडी परीक्षा घेई. "मोराचे डोळे कशाचे?" "मोहरीचे." "आणि तुरा?" "विसरले." "ऊठ, पुन्हा ये." एकीनं तर भर मांडवात, "हे मी नाही, तिनं..." असं म्हणून माझ्याकडे बोट केलं होतं. मी चटकन पुढे होऊन म्हणाले, "व्हय, ह्यातला डिंक तेवढा मी कालवला." तेव्हापासून परीक्षा आणखी कडक केली.

माझं सुरुवातीचं काम एका मोठ्या संग्रहालयाला हवं होतं. तिथल्या बाईंना मी कळवलं की ते खाल्लं गेलं. लाडू माणसांनी खाल्ले, खोबरं मुंग्यांनी, डाळींना टोके लागले. बाईंना ती माझी कलाविषयक भूमिका वाटली. त्यावर त्यांनी छान लेखही लिहिला.

एकच काम टिकलं होतं आणि त्यानंच मला गोत्यात आणलं. आमच्याच गल्लीतली, माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठी एक मुलगी मुरूमला एका तालेवार घरात थोरली सून म्हणून जायची होती. तिला मी थोरलीच म्हणते. तिचे हात माझ्या चुलत बहिणीच्याही वरचढ होते. तिनं कागद कापला तर कागद शाबूत राही आणि बोट कापलं जाई. तिच्यासाठी मी ट्रक केला. मोर-पोपटांचा मला कंटाळा आला होता आणि हमरस्ता तर रोज डोळ्यांसमोर. कडक उन्हात वाळवलेल्या जाड पापडांची बॉडी, सुपाऱ्यांची चाकं, मागं चुरमुऱ्यांची पोती, सगळ्यावर पेंटरकडचा खरा रंग. पुढे ड्रायव्हर बसवला भुईमुगाच्या शेंगेचा. दोन दाण्यांची शेंग उभी धरली की वरचा फुगवटा डोकं होतो आणि खालचा पोट. मोहरीचे डोळे, लाल चिंधीचा फेटा, आणि शहाजिऱ्याच्या दोन काड्यांची पीळदार मिशी. मुरूमच्या सासूबाई त्या ट्रकानं इतक्या हरखल्या की त्यांनी तो काचेच्या कपाटात ठेवला. आल्यागेल्याला चहाआधी ट्रक दाखवत. रंगामुळे त्याला कीडही लागली नाही.

याच सुमाराला माझी मॅट्रिक झाली. शाळेतले चित्रकलेचे मास्तर घरी येऊन अप्पांना म्हणाले, हिला हैदराबादला कॉलेजात घाला, चित्रकला-शिल्पकलेचं मोठं कॉलेज आहे. हैदराबादला माझा मामा राहत होता, त्यामुळे राहायची अडचण नव्हती. मला दुसरं काही सुचेना. रंगाच्या डब्याच्या तळातला रंग खरवडून काढणाऱ्या मुलीला कुणीतरी सांगावं की रंगांनी भरलेल्या खोल्या आहेत, आणि तिथं नवरी नसताना, लग्न नसताना, नुसतं करायचं म्हणून काहीही करता येतं! मी जेवणावरून उठून अप्पांच्या मागं मागं फिरत होते.

अप्पा तापट नव्हते. ते दुकानदार होते, आणि ते तापटपणापेक्षा वाईट. चित्रकलेच्या परीक्षांची माझी सर्टिफिकिटं त्यांनी भिंतीवर लावलेली होती. त्यांच्याकडे बोट करून ते म्हणाले, "तुला येतंय का न्हाय?"

"येतंय."

"मग जे येतंय ते शिकाया हैदराबाद कशाला? घरात पोतं भरल्यालं असताना बाजारातनं कोण आणतंय?"

अप्पांनी वर हेही सांगून टाकलं की मुरूमचं एक स्थळ चालून आलं आहे, येत्या सोमवारी बघायला येणार आहेत. मुलाकडच्यांना हाताची कला असलेली मुलगी हवी आहे. मुलगा म्हणजे थोरलीचा धाकटा दीर.

मी आणि थोरली जावा होणार! क्षणभर मला हसूच आलं. एका घरात आम्ही दोघी असतो तर काय धंदा केला असता. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मुरूमला गेले की संपलं. मग आयुष्यभर नणंदांची रुखवतं करायची आणि त्यांच्या मुलींची.

सोमवारी सगळे आले. पुढच्या खोलीत पुरुष, आतल्या खोलीत बायका, मधलं दार उघडं. मुलाबद्दल मला इतकंच आठवतं की त्यानं पोहे दोनदा घेतले. आत सासूबाई पाटावर बसल्या, भरघोस बाई, बोलणं खणखणीत. बरोबर थोरली. तिचं माहेर याच गल्लीतलं म्हणून तिला पारख करायला आणलं होतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. डोक्यावरचा पदर तिनं इतका पुढे ओढला होता की नाकाचं टोक तेवढं दिसत होतं.

"आमची सून लई हुशार," सासूबाई अव्वाला सांगत होत्या. "तिनं केल्याला ट्रक बघा एकदा येऊन. मुरुमात असा हात दुसऱ्या कुणाचा न्हाय. धाकटीबी तसलीच पायजे मला."

आता माझ्या हाताचं काहीतरी दाखवायला हवं होतं. आणि माझ्या घरात माझं म्हणून काहीच नव्हतं; सगळं कुणाकुणाच्या सासरी गेलेलं. अव्वा गडबडली. कोपऱ्यात दुसऱ्या एका नवरीसाठी निम्मा झालेला आठवडी बाजार झाकून ठेवला होता. मी डोळ्यांनी नको नको म्हणत असताना तिनं ती परात उचलून सासूबाईंसमोर ठेवली आणि वरचं फडकं काढलं. "ह्ये हिनं केलंय," ती म्हणाली. माझं काम माझ्या नावावर मांडलं गेल्याची ती पहिली वेळ.

सासूबाई वाकल्या. टोपल्या बघितल्या, बांगड्यांचं दुकान बघितलं, कडब्याची गाडी बघितली. मग त्यांचं बोट एका भाजीवाल्यावर येऊन थांबलं. शेंगेचा माणूस, लाल फेटा, शहाजिऱ्याची पीळदार मिशी.

"ह्यो तर आमच्या ट्रकातला डायवर हाय!"

सासूबाईंनी भाजीवाला उचलून उलटा केला, सुलटा केला. "त्योच फेटा, तीच मिशी. कवा बघून गेलीस गं आमचा ट्रक?" मग त्यांची नजर हळूहळू थोरलीकडे वळली. "का हिनंच तुझं बघून केला?"

थोरलीच्या नाकाच्या टोकाचा रंग गेला. मला पुढचं सगळं लख्ख दिसत होतं. खरं सांगितलं तर या बाईला हवा तो हात सापडणार, सोयरीक इथंच पक्की होणार, आणि थोरलीला त्या घरात जन्मभर तोंड वर करता येणार नाही. काचेच्या कपाटातला ट्रक रोज तिच्या अंगावर येणार. खोटं सांगितलं तर मी नकलाकार, स्थळ मोडणार, आणि हैदराबादची फट उघडी राहणार. इतका सोपा सौदा देवानं माझ्यापुढे पुन्हा कधी मांडला नाही.

"मी बघून केलं," मी म्हणाले. "ह्यांचा ट्रक लग्नात बघितला होता."

अव्वानं माझ्याकडे असं पाहिलं की मी दगड असते तर तडकले असते. पण ती बोलली नाही. ती बोलली असती तर गावातली निम्मी मागची दारं उघडी पडली असती, आणि तेवढं तिलाही कळत होतं.

माझ्या हिशेबानं प्रकरण इथं संपायला हवं होतं. पण सासूबाई खमक्या. त्या म्हणाल्या, "असं न्हाय. दोघीबी हितंच बसा. एकेक माणूस करून दावा. दूध का दूध, पानी का पानी." थोरलीच्या घशातून बारीकसा आवाज आला, तो फक्त मला ऐकू आला.

शेंगा आणल्या, शहाजिरे, मोहरी, चिंध्या, डिंकाची वाटी. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. माझ्या लक्षात आलं की आता मला हरायचं आहे, आणि तेही अशा बाईपुढे की जिच्यापुढे हरणं माणसाला शक्य नाही.

तिनं शेंग हातात घेतली आणि पहिल्याच दाबात फोडली. दुसरी घेतली. घामानं तिची बोटं भिजली होती, मोहरी चिकटेना, चिकटली ती हनुवटीला. मी बघत बसले तर संशय येणार, म्हणून मी सुरू केलं, आणि माझ्या बोटांनी माझा घात केला. मी वर बघते तोवर त्यांनी आपसूक डोळे जागच्या जागी बसवून टाकले होते. मी ते पदरानं पुसले. दुसऱ्यांदा बसवले ते एक कानाजवळ आणि एक पोटावर. तिकडे थोरलीनं मिशी कपाळावर लावली. मला घाम फुटला. याहून वाईट काय करणार? मी फेटा पायात बांधला. तिच्या माणसाचा एक हात गळून पडला. मी माझ्या माणसाला तीन हात दिले, त्यातला एक डोक्यातून निघालेला. मग सगळ्यावर डिंक सांडला आणि शेंग माझ्या अंगठ्याला अशी चिकटली की सोडवताना तिचं डोकं माझ्या हातात आलं. पुढे मी पुष्कळ अमूर्त काम केलं, पण इतकं मन लावून काही बिघडवल्याचं मला आठवत नाही.

सासूबाईंनी दोन्ही माणसं ताटलीत घेऊन नीट बघितली. "हिचं निदान माणूस हाय असं वाटतंय," त्या थोरलीकडे बघून म्हणाल्या. "हात जरा जड झालाय घरकामानं, त्येला इलाज न्हाय. पण ह्ये..." माझ्या कामासाठी त्यांना शब्द सापडला नाही. ताटली तशीच पुढच्या खोलीत गेली. पुरुषांत ती हातोहात फिरली. मी दारातून बघत होते. अप्पांच्या हातात ताटली आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मान खाली घातली आणि ताटली शेजारच्याकडे सरकवली.

थोरलीला आता कंठ फुटला होता. निघताना ती सगळ्यांसमोर माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "जमंल हळूहळू. माझंबी आधी असंच व्हायचं." मी तिला तिथंच चापट मारणार होते. पण उंबऱ्यात माझा हात तिच्या हातात आला आणि तिनं तो इतका घट्ट दाबला की माझ्या बांगड्या रुतल्या. तिचे डोळे भरले होते.

गावात बभ्रा झाला. दुकानदाराची पोर नक्कल करते, परातीतला बाजारही दुसऱ्याच कुणाकडून करून आणलेला, सर्टिफिकिटं मास्तरानं दयेनं दिलेली, वगैरे. ज्यांच्या मुली माझ्या मोरांच्या जिवावर सासरी नांदत होत्या त्या बायकाही विहिरीवर च्यक् च्यक् करत होत्या. एकीनं अव्वाला धीर दिला, "असूं द्या, सगळ्यांलाच कुठं देतंय देव." आणि त्याच आठवड्यात ती चाळण परत द्यायच्या निमित्तानं मागच्या दारी आली, पुतणीचं लग्न ठरलं म्हणून. अव्वा तिला काय म्हणाली ते मी लिहीत नाही. कन्नडमध्ये होतं ते.

अप्पा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एके सकाळी बघितलं तर भिंतीवरची सर्टिफिकिटं काढून ठेवलेली. वाटलं, सगळंच हातचं गेलं. संध्याकाळी दुकान बंद करून ते आत आले, हातपाय धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोतं भरल्यालं हाय म्हणून मी बसलो होतो. उघडून बघितलं तर आत काईच न्हाय. आता मातर बाजारातनं आणाया पायजे. मामाला कळीवलंय. जा, शिकून ये."

मला हसावं की रडावं कळेना. मी मोरीत जाऊन दोन्ही केलं.

हैदराबादला मी काय काय शिकले ते पुष्कळ ठिकाणी छापून आलेलं आहे. प्लास्टरचे साचे, ठशांची छपाई, कॅमेऱ्याची अंधारखोली. शिल्पकलेचे सर वयस्कर होते, जुन्या हैदराबादी वळणाचे. मी पहिल्या दिवशी मातीला हात लावल्यावर ते थोडा वेळ माझ्या मागं उभे राहिले आणि म्हणाले, "तुमको क्या सिखाना, बेटा? जगह देना बस." त्यांनी जागा दिली. तिसऱ्या वर्षाअखेरीस विद्यार्थ्यांच्या कामांचं प्रदर्शन भरलं. त्यात एक भिंत आणि एक कोपरा एकट्या माझ्या कामाचा होता: मातीची डोकी, छापलेली चित्रं, छताला टांगलेलं चिंध्यांचं मोठं कापड. मी घरी निरोप धाडला. वाटलं होतं, कुणी येणार नाही.

अप्पा आले. पांढरं धोतर, नवा फेटा, आणि हातात पेरूंची पिशवी. ते एकेका कामापुढे दुकानात तागडीपुढे उभे राहत तसे न हलता उभे राहिले. एका मातीच्या डोक्याजवळ त्यांनी हळूच बोट पुढे केलं आणि मागं घेतलं. मी तीन पावलांवर होते. मला फक्त त्यांचा चेहरा बघायचा होता. सगळी नक्षत्रं विकून मी तो चेहरा विकत घेतला असता. तो उजळला होता. आणि तो वळला तो माझ्याकडे नाही, सरांकडे.

अप्पांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. त्यांनी सरांपुढे दोन्ही हात जोडले. "साब, घर में इसकू कुछ बी नै आता था. एक शेंग का आदमी नै बना सकी. मैं अपनी आँख से देखा. आप इसकू हात दिये."

सर गोंधळले. "अजी नहीं," ते म्हणाले, "ये तो सब कुछ अपने साथ ले के आई थी. हम तो कुछ बी नहीं किये."

अप्पांनी सरांचे हात आपल्या हातात घेतले आणि ते हात कपाळाला लावले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "बघ, मोठी माणसं अशीच बोलतेत."

मी तोंड उघडलं होतं. एका वाक्याचं काम होतं. अप्पा, तो माणूस मी मुद्दाम बिघडवला. मग ट्रक कुणाचा तेही सांगावं लागलं असतं, आणि मुरूमला थोरलीला तेव्हा दुसरीही मुलगीच झाली होती. आणि अप्पा किती खूश होते! त्यांनी रिकामं पोतं बाजारातून भरून आणलं होतं, तेही सगळ्या भाऊबंदांच्या नाकावर टिच्चून. ती त्यांची आयुष्यातली सर्वांत चांगली खरेदी होती. मी तोंड मिटलं. माझा हात ज्याला दिसावा असं मला सगळ्यात जास्त वाटत होतं, त्याला तो कधीच दिसणार नव्हता, आणि ही सोय मीच केलेली होती. मला खूप रडू आलं. अप्पांना वाटलं, सरांच्या उपकारांनी पोर गहिवरली.

संध्याकाळी मी त्यांना गाडीपर्यंत पोहोचवायला गेले. त्यांनी खिडकीतून पेरूंची पिशवी माझ्याकडे दिली, म्हणाले मामाला अर्धे दे. गाडी सुरू झाली तसे ते अर्धे बाहेर वाकले.

"आता हात सोडू नगं," ते म्हणाले. "रोज करत जा थोडं थोडं. न्हाय तर पुन्हा पहिल्यासारखं व्हईल."

"व्हय अप्पा," मी म्हणाले.